काळीवरचा पाया

खुशालरावांना घर बांधायचे नव्हतेच. त्यांना भावाला अडवायचे होते. पण भावाला काही दाव्याने खुंट्याला बांधता येत नाही, म्हणून त्यांनी घर बांधायला काढले.

त्या साली कापसाने अमरावतीला वेड लावले होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती. ती कोणाची कोणाशी, हे इथे कोणाला धड सांगता येत नव्हते, पण ती लवकर मिटू नये म्हणून देवाला नारळ मात्र रोज फुटत होते. तिकडे अकोल्याकडे आगगाडीचा रस्ता पडत होता, आणि ज्याला त्याला अकोल्याचे वेध लागले होते. खुशालरावांचा धाकटा भाऊ चंद्रभान, यालाही लागले. तिथल्या एका व्यापाऱ्याने त्याला सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बांधून घेण्याच्या कामावर बोलावले होते. खुशालराव स्वतः अडतीवर कारकून. आईबाप गेल्यावर चंद्रभानला त्यांनीच वाढवलेला, पोटी मूल नाही, सगळा जीव त्याच्यात. तो बायकोपोरीला घेऊन गेला असता तर घरात उरले असते ते आणि त्यांची बायको मैनाबाई, आणि मैनाबाईंशी एवढ्या वर्षांत काय बोलायचे ते बोलून झाले होते, अशी खुशालरावांची समजूत होती.

"आपलं सोताचं घर झालं का जाईन कुठं तो?" ते मैनाबाईंना म्हणाले. "एका बाजूले आपून, एका बाजूले तो. मधात एक भिंत."

"चुली दोन पायजेत," मैनाबाई म्हणाल्या. त्या घराबद्दल त्यांचे मत एवढेच विचारात घेतले गेले.

शहराच्या कोटाच्या आत तीळ ठेवायला जागा नव्हती. राजापेठेच्या पलीकडे एक लांबट पट्टी मिळाली. तिचे एक टोक टेकाडावर, दुसरे सरळ शेतात. आता वऱ्हाडात जमिनीचे रंग दोन. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे वस्ती. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे, आणि दोन्हींची गल्लत करायची नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. कचेरीतल्या कारकुनालाही ठाऊक होते. तो म्हणाला, "हे काळी हाय. काळीत घर नाई बांधता येत. आगुदर तिची पांढरी कराचा हुकूम आना."

हुकूम देणारे साहेब धारणीकडच्या जंगलात गेले होते. ते परतले तेव्हा त्यांना ताप होता. ताप उतरला तेव्हा कारकुनाच्या घरी लग्न होते. खुशालरावांनी कचेरीच्या पायरीवर बसून इतके दिवस काढले, की येणारेजाणारे त्यांनाच शिपाई समजून आत साहेब आहेत का म्हणून विचारू लागले. ते स्वतःला अडतीवरचा मानाचा माणूस समजत. हे त्यांना फार लागले. शेवटी साहेबांनी जमीन न पाहताच तिची पांढरी करून टाकली. सरकारच्या हातात केवढी ताकद असते!

हुकूम घेऊन खुशालराव वाजतगाजत घरी आले. मैनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाप्पा! मातीले वाचून दाखवला का नाई? नाईतर तिले कसं मालूम होईन, आपून पांढरी झालो म्हनून?"

बायकांना कचेरीतले काही कळत नाही, असे म्हणून खुशालराव जेवायला बसले.

पण मनात खुटखुट होतीच. ती घालवायला त्यांनी शेजारच्या भगवंतरावांचा सल्ला घेतला. सल्ला देणे हा भगवंतरावांचा धंदा नव्हता, व्यसन होते. ते म्हणाले, "शास्त्रात जमिनीची परीक्षा सांगितली हाय. जोशीबुवाले बलवा. काळी का पांढरी, सारं दुधाचं दूध होऊन जाईन."

पावसाळा सरता सरता जोशीबुवा आले. परीक्षा अशी, की हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, कमी पडली तर घर बुडवणारी. मग खड्ड्यात संध्याकाळी पाणी भरून ठेवायचे. सकाळी पाणी दिसले तर लक्ष्मी टिकेल, आटले तर टिकणार नाही. पट्टी लांब म्हणून दोन्ही टोकांना एकेक खड्डा घेतला.

शेताकडच्या टोकाला काळीची ढेकळे निघाली, एकेक नारळाएवढे. ती परत भरली तर खड्डा भरून वर हा ढीग उरला! जोशीबुवा त्या ढिगाकडे असे बघत राहिले, की जणू त्यातून आता लक्ष्मीच उठून उभी राहणार. टेकाडाकडच्या टोकाला मात्र वीतभर माती संपून खडक लागला. पहारीने कपच्या उडवल्या, खड्डा कसाबसा पुरा केला. पण जोशीबुवा म्हणाले, "दगड म्हणजे माती नव्हे. शास्त्रात माती म्हटले आहे." कपच्या बाजूला काढल्या, नुसती माती टाकली, ती तळालाच राहिली. आणि सकाळी पाहावे तर काळीतल्या खड्ड्यात पाणी तसेच्या तसे, वर आभाळ दिसते आहे. खडकातल्या खड्ड्यात मात्र थेंब नाही, सगळे फटीतून निघून गेलेले.

निकाल झाला. काळीकडचे टोक उत्तम, खडकाकडचे टोक खोटीचे.

खरे म्हणजे ओल्या काळीत ठेवलेले पाणी जात नाही, म्हणूनच तिच्यात कपाशी होते आणि म्हणूनच तिच्यात घर होत नाही. हे भगवंतरावांना माहीत होते, जोशीबुवांना माहीत होते, स्वतः खुशालरावांच्या तीन पिढ्या काळीत राबल्या होत्या. पण परीक्षा पास झालेल्या जमिनीला नापास कोण करणार?

त्याच खड्ड्यापाशी खुशालरावांच्या अंगात औदार्य संचारले. चार माणसे जमली होती. ते घसा खाकरून म्हणाले, "चांगली बाजू चंद्रभानची. लेकराबाळाचा धनी हाय तो. खोटीच्या बाजूले आमी राहू."

"वा!" भगवंतराव म्हणाले. "देवमानूस हाय बाप्पा तुमी! आजकाल कोन करते असं भावासाठी?"

चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तिथल्या तिथे अकोल्याचा निरोप फिरवला. खुशालराव त्या दिवशी जमिनीवरून चालतच नव्हते. मैनाबाई मागे उभ्या होत्या. घरी आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "देवमानूस तुमी झाले, अन् खोटीच्या घरात जिंदगी काढाची मले."

"तुले नाई समजनार," खुशालराव म्हणाले.

आता गवंडी पाहिजे. पण वऱ्हाडातला थापी धरता येणारा प्रत्येक माणूस आगगाडीच्या पुलांवर गेलेला. भावाने अकोल्याला जाऊ नये म्हणून खुशालराव स्वतः बैलांच्या दमणीत बसून अकोल्याला गेले आणि अब्दुल सत्तार मिस्त्रीला घेऊन आले. हा ठेकेदाराशी भांडून रिकामा झालेला होता आणि त्याच्या तोंडी पुलाशिवाय दुसरी भाषा नव्हती.

"साब, म्या पुलाचा पाया घातला. त्याच्यावरून आगगाडी जानार. तुमचं घर काय आगगाडीपेक्षा वजनी हाय?"

पाया म्हणजे दोन लांब चर, घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात दगड भरायचे आणि वर भिंत उचलायची. चर खणताना काळीच्या टोकाला मिस्त्री म्हणाला, "इथं अजून खाली जाऊ. मुरूम लागेपर्यंत जाऊ."

खुशालरावांना यात मजुरी वाढवण्याचा डाव दिसला. "काहून गा? अशी उत्तम जमीन खोदून फेकाची?"

"मालिक की मर्जी," मिस्त्री म्हणाला. तो पान खायला गेला.

तिकडे खडकाच्या टोकाला जोशीबुवांनी तोडगा सांगितला होता. खोटीची जमीन पुरुषभर खोल खणून खोट काढून टाकावी. झाले! घण आले, छिन्न्या आल्या, दोन वडार आले. जो खडक आहे तसा ठेवला असता तर त्याने हत्ती झेलला असता, तो फोडायला महिना गेला. आत खोट काही सापडली नाही, खडकाखाली खडकच निघाला. मग त्या पुरुषभर खोल चरात तोच फोडलेला दगड चुन्यात पुन्हा बसवला. एका टोकाला खडकात माणूस बुडेल एवढा पाया आणि दुसऱ्या टोकाला काळीत गुडघ्यापर्यंत. पोट भरलेल्याला पंचपक्वान्न आणि उपाशाला एकादशी.

आणि उत्तम बाजूचा मान राखला पाहिजे, म्हणून चंद्रभानच्या टोकावर माडीही चढवली.

माघात दोन्ही कुटुंबे राहायला आली. चंद्रभानने अमरावतीतच रुईचा लहानसा व्यापार सुरू केला आणि भाव चढेपर्यंत गाठी माडीवर रचून ठेवल्या. संध्याकाळी अडतीवरून येताना खुशालरावांना भावाच्या माडीत दिवा दिसे, खाली त्याची तान्ही मुलगी रडताना ऐकू येई, आणि आपण जन्मात एक तरी गोष्ट नीट केली, असे वाटून त्यांचा ऊर भरून येई. ते दोन महिने त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

चैत्रात भेग पडली.

आधी केसाएवढी. मैनाबाईंनी शेणाने बुजवली. आठवड्यात ती बोटाएवढी झाली, मग चंद्रभानचे दार लागेना, मग लागलेले उघडेना. जिथे खडक संपून काळी सुरू होत होती नेमकी तिथे मधली भिंत सुटली आणि दोन्ही चुली एकमेकींना दिसू लागल्या. मैनाबाई आणि त्यांची जाऊ कौशल्या यांना त्याचा उपयोगच झाला. त्या भेगेतून मीठ, तिखट, विस्तव अशी देवघेव करू लागल्या. कौशल्या तिकडून म्हणे, "बाई, तुमच्याकडे वरन शिजून राहिलं का?" आणि मैनाबाई म्हणत, "शिजलं. हात आत घाल." खुशालराव मात्र भेगेकडे पाठ करून जेवत.

सल्ले आले. जोशीबुवा म्हणाले, एवढी उत्तम जमीन, दृष्ट लागली. दृष्ट काढली. कोणी चुना भरायला सांगितले, कोणी गूळ आणि बेलफळ घालून. तोही भरला, आणि तो मुंग्यांनी खाल्ला. अब्दुल सत्तारला बोलावणे गेले. त्याने भेगेत मूठ घातली, मग कोपर घातला आणि म्हणाला, "इकडचं घर उभं हाय. तिकडचं बसून राहिलं. काळी आकसली, साब. माडीवरच्या गाठी उतरवा, मग माडी उतरवू." येण्याजाण्याचे भाडे घेऊन तो पुन्हा अकोल्याला गेला.

आणि मग बाजारात बोलणे सुरू झाले. सुरू करणारे भगवंतरावच. "खुशालराव कच्चे नाईत बरं. खडक आपल्या बुडाखाली ठेवला अन् काळी भावाले देली. तिकडे पाया पुरुषभर, इकडे गुडघाभर. अन् वरून देवमानूस!"

बोलणे खोटे होते, पण त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. मोजून पाहा, पाया पुरुषभर होता आणि गुडघाभरही होता. खुशालराव ज्याला त्याला परीक्षेची हकिकत सांगू लागले, खड्डे, ढेकळे, पाणी, सगळे. लोक ऐकून घेत आणि हसत. या जन्मात कोणी काळीला खडकापेक्षा चांगली समजला असेल, यावर बाजारात कोणाचाच विश्वास बसेना.

एका संध्याकाळी चंद्रभान येऊन ओट्यावर बसला. मग खाली बघत म्हणाला, "दादा, तुमाले मालूम होतं का?"

खुशालरावांना कानफटात बसल्यासारखे झाले. ज्याला आपण बोट धरून चालवले, त्याने हे विचारावे!

"अकोल्याचा मानूस अजून बलावून राहिला," चंद्रभान म्हणाला.

खुशालराव उठले, ओट्यावर उभे राहिले आणि गल्ली ऐकेल अशा आवाजात म्हणाले, "आज आत्ता अदलाबदल! खडकाकडची बाजू तुयी. काळीत आमी राहतो. खुशालरावाच्या मनात पाप असन तं भिंत पडो माह्या आंगावर!"

गल्ली गोळा झाली. भगवंतराव पुढे होते. मैनाबाई उलथणे हातात घेऊन दारात आल्या, त्यांनी नवऱ्याकडे पाहिले, आणि चुलीतली लाकडे विझवायला आत वळल्या. चुलीवर भाकरी अर्धी कच्ची होती. तासाभरात दोन संसार एकमेकांच्या जागी गेले. चंद्रभान म्हणाला, "दादा, गाठी तरी उतरवतो." पण खुशालरावांचे डोके आता चांगलेच तापले होते. "राहू दे! तुया भाऊ त्याच्याखाली झोपीन. लोकाईले पाहू दे."

लोकांनी पाहिले, त्यांना बरेही वाटले. चंद्रभानने पुन्हा अकोल्याला नकार कळवला. भगवंतरावांनाही आपण जरा जास्त बोललो असे वाटले असावे, कारण ते नवा सल्ला घेऊन आले.

"काळी उन्हानं आकसली ना? तं तिले पानी पाजा. रोज भिंतीच्या बुडाशी पानी टाका. फुगन, अन् घर होतं तिथं वर येईन."

हे मात्र सगळ्यांना पटले. खुशालराव सकाळीच अडतीवर जात, तेव्हा पाणी घालणे मैनाबाईंकडे आले. विहीर लांब. वैशाखाचे ऊन. त्या डोक्यावर घागर घेऊन येत आणि भिंतीच्या कडेकडेने ओतत. जमीन ते घटाघटा पीत असे. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आता मातीलेबी मीच पोसाचं का?" नंतर त्या काही म्हणाल्या नाहीत. कौशल्या एकदा घागर घ्यायला पुढे झाली, तर मैनाबाईंनी तिला परत पाठवले. "तुया अंगावर लेकरू पिते. जाय, सावलीत बस."

भेग थोडी मिटलीही. खुशालरावांनी ती भगवंतरावांना दाखवली. दोघेही प्रसन्न झाले. आत गुडघाभर दगडाखाली काळीचा लोण्यासारखा चिखल होत होता, तो बघायला कोणी खाली गेले नाही.

ज्येष्ठ लागला त्या सुमाराला, भर दुपारी, खुशालराव अडतीवर आपल्या अदलाबदलीची गोष्ट एका परगावच्या गिऱ्हाइकाला सांगत होते. तेवढ्यात चंद्रभान धावत आला. त्याच्या अंगावर चुना होता आणि त्याने भावाला हाताला धरून ओढतच नेले.

काळीकडचे टोक बाहेर कलले होते आणि माडी गाठींसकट खाली आली होती. मैनाबाई भिंतीच्या कडेने पाणी घालत होत्या. गाठी बाजूला करायला अडतीवरचे हमाल गेले. त्यांनी त्या फार हळू उचलल्या, जणू आत अजून कोणी झोपलेले आहे. मैनाबाईंना काढले तेव्हा त्यांच्या पदराला ओली काळी लागली होती. खुशालरावांनी ती पुसायचा प्रयत्न केला, पण काळी अशी पुसून जात नाही. लोक त्यांना धरून बाजूला नेत होते आणि ते म्हणत होते, "थांबा, थांबा जरासक, तिचा पदर निर्मळ करू द्या."

तेरावा झाला. खडकाकडची खोली जशीच्या तशी होती, तिच्यावर रेघही नव्हती. तिथेच माणसे भेटायला येऊन बसत. भगवंतराव रोज येत. ते म्हणत, "भावासाठी मानसानं काय नाई केलं! असा भाऊ होने नाई." आता बाजारात कोणीही वेगळे बोलत नव्हते. खुशालरावांच्या मनात पाप नव्हते, हे सगळ्यांना पटले होते.

चंद्रभान समोर येऊन बसला आणि त्याने भावाचे पाय धरले. "दादा, म्या शंका घेतली. माह्या तोंडात किडे पडो. आता अकोल्याचं नाव नाई काढनार. हे खोली तुमची. तुमी इथं राहा. आमी आंगनात मांडव टाकून राहतो. पाऊस तोंडावर आला तं येऊ द्या."

"वा!" भगवंतराव म्हणाले. "याले म्हनतात भाऊ!"

हेच तर खुशालरावांना हवे होते. याचसाठी घर बांधले होते. त्यांनी चंद्रभानच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मान वर केली तेव्हा त्यांना दारात कौशल्या दिसली. मुलगी कडेवर, पदर कपाळापर्यंत, नजर खाली. तिचा तो चेहरा खुशालरावांनी ओळखला. तसा चेहरा त्यांनी आपल्या घरात वर्षानुवर्षे पाहिला होता आणि दर वेळी बाई दमली असेल असे समजून ते जेवायला बसले होते.

"चंद्रभान," ते म्हणाले, "तिले इचारलं का?"

"तिले काय इचाराचं, दादा?"

"इचार."

चंद्रभानला काय विचारावे ते कळेना. त्याने बायकोकडे पाहिले, मग भगवंतरावांकडे पाहिले. थोरल्या दिरासमोर बोलायची रीत नव्हती. म्हणून कौशल्याने कडेवरच्या मुलीकडे तोंड केले आणि तिला सांगितले, "मोठ्या बाबाले सांग वं, आमाले अकोल्याले जाचं हाय म्हना."

चंद्रभान संतापून उठायला लागला. खुशालरावांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवले.

"बरं हाय," ते म्हणाले. "पावसाच्या आगुदर जा. लेकरू लहान हाय."

भगवंतराव काहीतरी सांगायला तोंड उघडत होते. खुशालरावांनी डोक्याला पागोटे गुंडाळले, पायात जोडे घातले आणि ते दमणी ठरवायला बाजारात गेले.